यिटर्बियमच्या घड्याळाची साक्ष

"चुकलं तरी हात लावायचा नाही, रॉसलिन. किती चुकलं तेवढंच सांगायचं. घड्याळ दुरुस्त केलंस की त्याची साक्ष गेली."

इव्होंचे हे बोल रॉसलिनने गुरुमंत्रासारखे जपले होते. अ‍ॅडलेडच्या प्रयोगशाळेत यिटर्बियमच्या अणूंवर चालणारं घड्याळ दोघांनी मिळून उभं केलं. गेला हिवाळाभर ते युरोपातल्या घड्याळांशी असं जुळलं, की जगाचा सेकंद ठरवणाऱ्यांच्या पंक्तीत त्याचंही पान मांडलं गेलं. त्या भरवशावरच बंद पडणारी प्रयोगशाळा तगली होती.

आता इव्हो समुद्राकाठच्या शुश्रूषागृहात अखेरचे दिवस काढत होते. रॉसलिन त्यांना चमच्याने सूप भरवत होती.

"हे सूप आहे की भांडी विसळलेलं पाणी?"

"गुपचूप गिळा. तक्रारीला बरा दम आहे!"

ते हसले, खोकले. मग म्हणाले, "पोरी, मी हात लावला."

"कशाला?"

"घड्याळाला. ऑगस्टमध्ये. ते सरकायला लागलं होतं, आणि मला डॉक्टरांनी नुकतंच सांगितलं होतं. वाटलं, डोळे मिटण्याआधी एकदा तरी बरोबर दिसू दे. घड्याळाचा लेसर जरासा ओढला, युरोपातल्या घड्याळांशी मिळवून घेतला."

चमचा तिच्या हातातच राहिला. घड्याळ जुळलं नव्हतं तर, जुळवलं होतं. सगळी मापं मातीमोल.

"कशाला सांगितलंत मला?" तिने वाडगा खाली ठेवला. "तसेच गेला असतात तर..."

"तर तुझी नोकरी राहिली असती. ठाऊक आहे मला."

"माझं जाऊ द्या. आपल्या प्रयोगशाळेतली ब्रॉनिन पोटुशी आहे. टाळं लागेल हो तिथं."

"लागेल."

पुढे काहीतरी धीराचं बोलतील असं तिला वाटलं. त्यांनी आपली बोटं तिच्यापुढे धरली.

"माझा हात आता कागदावर चालत नाही. घड्याळ जुळल्याचा आपला दावा तू मागे घे. माझं नाव घेऊन सांग. वचन दे."

देवाने हा कडू पेला आपल्याच ओठी का लावावा, असं तिच्या मनात आलं. पण ती म्हणाली, "दिलं."

त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. तिने त्यांची हनुवटी पुसली, पांघरूण सारखं केलं. प्रयोगशाळेचे संचालक अजून कचेरीत असतील. गाडीत बसून तिने क्षणभर डोळे मिटले, आणि घरचा रस्ता सोडून गाडी शहराकडे वळवली.