कोंडीबाच्या तिसऱ्या घरातली चूल

मित्रांनो, मी एक जुनी मातीची चूल आहे. माझ्या अंगावर सारवणाचे किती थर चढले, ते आता मलाही सांगता यायचं नाही. पण जन्मल्यापासून दीड वर्ष माझ्यावर एकही भाकरी भाजली नव्हती. ते दिवस आठवले की अजून जीव कासावीस होतो.

मोठी लढाई संपली तेव्हाची गोष्ट. उंब्रजच्या आसपासचे पुष्कळ जवान पलटणीतून रजेवर येत होते. भावाभावांच्या वाटण्या झालेल्या, घरं अपुरी पडलेली. रजा जेमतेम दोन महिन्यांची, तेवढ्यात पाया कधी खणायचा आणि भिंती कधी उभ्या करायच्या? त्यात पत्रा परवान्याशिवाय मिळत नव्हता. जो तो विचारी, "आज घेतलं तर उद्या ऱ्हायला येता येईल, असं घर हाय का कुठं?"

कोंडीबा गवंड्यानं हे बरोबर हेरलं. रस्त्याकडेच्या जागेत त्यानं ओळीनं तीन घरं बांधायला काढली. दारं, कड्या, न्हाणी, सगळं तयार. पहिली दोन हातोहात गेली, तसा त्याला चेव आला. तिसऱ्या घरात त्यानं चूलही घालायचं ठरवलं.

त्याची बायको तानुबाई म्हणाली, "आवं, चूल ऱ्हाऊ द्या. येईल ती बाई आपल्या हातानं घालंल."

"तयार म्हंजे तयार," कोंडीबा म्हणाला. "गिऱ्हाइकानं नुसतं भांडं चढवायचं."

तानुबाईनं ओढ्याकाठची चिकणमाती आणली, भुसा आणि शेण घालून मळली आणि मला घडवलं. मी देखणी होते, हे सांगायला मला लाज वाटत नाही. आठ दिवसांत आपल्यावर कालवण रटरटेल, असं मी धरून चालले होते.

कसलं काय. गिऱ्हाईक आलं की कोंडीबा माझ्या तोंडात ओलसर पाचट कोंबी, काडी लावी आणि धुराड्याकडे बोट दाखवी. "बगा, धूर कसा सरळ वर जातोय." पुरुष माना डोलावत. बायका मात्र वाकून माझं काळं तोंड बघत आणि नवऱ्याला बाहेर नेत. "हितं कुनाचं तरी बिऱ्हाड हुतं. एवढ्यात का सोडून गेलं असंल?" एकीनं शंका काढली, दुसरीनं भर घातली, आणि त्या घरात काहीतरी वाईट घडलंय अशी कुजबूज गावभर झाली.

कोंडीबाला काही उमगेना. पुढच्या गिऱ्हाइकाला तो आणखी पाचट पेटवून दाखवी. अरे बाबा, तुझ्या धुरानंच गिऱ्हाईक पळतंय, असं मला ओरडून सांगावंसं वाटे. पण चुलीला तोंड असून बोलता कुठं येतं? मी आतल्या आत तडफडत राहिले.

एके सकाळी सयाजी नावाचा जवान आणि त्याची बायको मनुबाई घर बघायला आली. कडेवर तान्ही मुलगी होती. वाटणीत त्यांना गोठ्याची पडवी मिळाली होती आणि गोचिडांनी लेकराचं अंग फोडून काढलं होतं. सयाजीची रजा आठ दिवस उरली होती. या दोघींना त्या पडवीत सोडून परत जायचं, या घोरानं त्याला अन्न गोड लागत नव्हतं.

कोंडीबा पाचट घेऊन धावला. मनुबाईनं हातानंच थांबवलं. "मामा, हितं आदी कोन ऱ्हात हुतं? खरं सांगा."

"देवाशपथ कुनी न्हाई, पोरी."

"मग ही काजळी?"

सयाजी उतावीळ झाला होता. "अगं, चुलीचं काय घेऊन बसलीस? रजा संपत आली माजी."

ती खाली बसली. माझ्या कडेत तिनं नख रुतवलं, तशी माती सुटून आली. "आवं, ही भाजलीच न्हाई," ती म्हणाली. "वरनं काळी, आतनं कच्ची. हिच्यावर कुनी सैपाक केलेला न्हाई. घेऊ या घर."

दीड वर्षांनी कुणीतरी मला ओळखलं होतं. मला रडू यायचंच बाकी होतं. एवढ्यात ती पुढं म्हणाली, "पर चूल माजी मीच घालनार."

दुसऱ्या दिवशी ती पहार घेऊन आली. दोन घावांत मी ढासळले. मदतीला आलेल्या तानुबाईनं विचारलं, "ही माती उकिरड्यावर टाकू?"

"भाजल्याली असती तर टाकली असती. कच्ची हाय, भिजंल की."

तिनं माझ्यावर पाणी ओतलं. ज्या कच्चेपणापायी मी इतके दिवस कुढत होते, त्यानंच मला वाचवलं. तिनं मला मळलं आणि स्वतःच्या तव्याच्या मापानं पुन्हा घातलं. रजेच्या शेवटच्या दिवशी तिनं माझ्यावर दूध उतू घातलं आणि मग भाकरी टाकली. ती टम्म फुगली. सयाजी पोटभर जेवला, उरलेली भाकरी फडक्यात बांधून घेतली आणि निश्चिंत मनानं गाडी धरायला गेला.

कोंडीबानं पुढं चौथं घर बांधलं. त्यात सगळं तयार होतं. चुलीच्या जागी मात्र त्यानं मातीचा ढीग आणि पाण्याची घागर ठेवली. ते घर चार दिवसांत गेलं.

मित्रांनो, आता मनुबाईची नातसून माझ्यावर रांधते. अलीकडे ती सारवायचा कंटाळा करते आणि माझ्या कडांना भेगा पडल्यात. तिला एवढं सांगाल का? मी आता पक्की भाजले आहे. या वेळी मोडले, तर पुन्हा भिजणार नाही.