उजवीकडचा तबला

अर्धा किलो खव्याची जिलबी आणि 'तुमचं घर मोठं हवेशीर आहे हो' हे एक वाक्य, एवढ्या भांडवलावर बापूसाहेब लघाटे जबलपूरच्या कांचघर मोहल्ल्यातल्या एका अनोळखी दाराची कडी वाजवत उभे होते. बदल्यात पदरी पडणार होती ती संगीताची अख्खी उजवी बाजू. सौदा फायद्याचा होता. घर हवेशीर निघालं नाही तरी वाक्य वाया जाणार नव्हतं. ते त्यांनी दुसऱ्या कुठल्या घरी खपवलं असतं.

दार कलावतीबाई रामटेके यांनी उघडलं. त्यांनी आधी पुड्याकडे पाहिलं, मग बापूसाहेबांकडे, आणि आत वळून नवऱ्याला सांगितलं,

"आले बघा. नेपियर टाउनवाले."

बापूसाहेबांचं वाक्य जागच्या जागी विरलं. आपण येणार हे या घराला ठाऊक होतं, म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारा भैयालाल दोन्हीकडे चहा पिऊन गेला होता. त्यानंच आठवड्यापूर्वी बातमी आणली होती, की बापूसाहेबांच्या सागवानी स्पीकरचा हुबेहूब जुळा त्यानं कांचघरात पाहिला, वीज मंडळातल्या रामटेकेबाबूंच्या घरी. तीच जाळी, तेच पितळी कोपरे.

सदर भागातला एक जुना क्लब बंद पडला तेव्हा त्याच्या नाचघरातली ही जोडी लिलावात निघाली होती. लिलाव करणाऱ्याला जोडी कळत नव्हती, नग कळत होते. एक स्पीकर त्यानं वेताच्या खुर्च्यांबरोबर लावला, दुसरा कॅरम बोर्डाबरोबर. बापूसाहेबांनी खुर्च्यांवाला नग जिंकला, दुसरा तर आता आपलाच अशा खात्रीनं ते बाहेर गेले आणि हातगाडीवाल्याशी घासाघीस करू लागले. घासाघीसही त्यांनी जिंकली. परत आले तेव्हा कॅरम बोर्ड गेला होता आणि त्याच्यासोबत स्पीकरही.

तेव्हापासून घरातली उजवीकडची भिंत मुकी होती. ॲम्प्लिफायर त्यांनी स्वतः बांधलेला, लष्कराच्या मोडीतल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंचा. पण उजवीला जोडायलाच काही नव्हतं. दोन्ही बाजू एकाच स्पीकरात सोडा, असं भैयालालनं सुचवलं तेव्हा "दोन नद्या एका तांब्यात भरायच्या का?" असं विचारून त्यांनी त्याला वाटेला लावलं होतं. घरी ऐकायला येणाऱ्यांना ते सांगत, उजवीकडे असतं काय? टाळ्या आणि खोकला.

अंबादास रामटेके शर्टाची बटणं लावत बाहेर आले. स्पीकर समोरच होता. त्याच्यावर टीव्ही, टीव्हीवर भरतकामाचं झाकण. तिकडे न पाहण्याचा बापूसाहेबांनी इतका जोरकस प्रयत्न केला की नवराबायको दोघांच्याही तो लक्षात आला. चहा झाला, जिलबी झाली, वीज मंडळातल्या बदल्या झाल्या. मग बापूसाहेबांनी सहज सुचल्यासारखं विचारलं, की असलं जुनं लाकूड घरात असलं म्हणजे उंदीर होतात ना?

"उंदीर होतील तर आमच्या डब्यात होतील," कलावतीबाई म्हणाल्या. "तुम्हाले काहून फिकर?"

रामटेके हसले, आणि त्यांनी सांगितलं ते ऐकून बापूसाहेबांची बशी हातातच राहिली. रामटेकेही जुळ्याच्याच शोधात होते. भैयालालकडून त्यांनी पत्ता घेऊन ठेवला होता. येत्या रविवारी तेच नेपियर टाउनला निघणार होते, आणि जिलबी ते पाऊण किलो नेणार होते.

विकता का, असं दोघांनी एकमेकांना विचारलं. दोघांनीही नाही म्हटलं. खरं तर गोष्ट इथंच संपायची. पण बापूसाहेबांची सगळी नोकरी सरकारी भांडारात झाली होती, आणि तिथं ते एक गोष्ट पक्की शिकले होते: जड वस्तू एकदा का एखाद्या जागी टेकली, की ती त्या जागेची होते. परत नेण्याच्या गोष्टी सगळे करतात, उचलायला कोणी येत नाही. तेव्हा त्यांनी मोठ्या मनानं सुचवलं, की यंत्र माझ्याकडे आहे, तुम्ही तुमचा स्पीकर एक दिवस तिकडे आणा. दोन्ही एकदा सोबत ऐकू. फक्त एकदा.

रामटेके इतक्या चटकन हो म्हणाले, की एखाद्या सावध माणसाला तिथंच संशय आला असता.

रविवारी टेंपोतून स्पीकर आला. त्याच्यामागून रामटेके आले, चिवड्याचा डबा घेऊन कलावतीबाई आल्या आणि त्यांच्या काखेत त्यांची स्वतःची एक रेकॉर्ड आली. बापूसाहेबांच्या घरी ऐकण्याचे नियम होते. बोलायचं नाही, चावायचं नाही, आणि दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर, सुतळीनं मोजून ठेवलेल्या मधल्या खुर्चीत बसूनच खरं गाणं ऐकू येतं. ही खुर्ची त्यांनी दुसरा स्पीकर नसतानाच मांडून ठेवली होती, जसा कोणी मुलगी ठरण्याआधीच मुंडावळ्या आणून ठेवतो. आता एवढंच झालं, की रामटेके आत आले आणि थेट त्या खुर्चीत बसले.

पाहुण्याला उठा म्हणता येत नाही. बापूसाहेब खुर्चीमागे उभे राहिले.

व्हॉल्व्ह सावकाश तापले. राखेखालच्या निखाऱ्यावर कोणी फुंकर घालावी तसा काचेत केशरी रंग चढला, तापलेल्या धुळीचा ओळखीचा वास सुटला. त्यांनी लावली ती त्यांची सगळ्यांत लाडकी रेकॉर्ड, विलंबित ख्यालाची. या रेकॉर्डबद्दल त्यांचं एक ठाम मत होतं आणि ते त्यांनी अख्ख्या जबलपूरला ऐकवलं होतं: गवई थोर, पण तबलजी कंजूष. थाप मारतो तीही उसनी दिल्यासारखी.

आलाप झाला. मग उजवीकडच्या भिंतीतून ठेका आला. भरदार, गोल, डग्ग्याच्या घुमाऱ्यासकट. कंजूष माणूस असा वाजवत नाही. तो इतकी वर्षं इथंच बसला होता, फक्त त्याच्या तोंडावर दार लावलेलं होतं. बापूसाहेबांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली. रामटेक्यांच्या टकलावरून पुढे वाकून ते त्या स्पीकरकडे पाहत राहिले, आणि समेवर त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

स्वयंपाकघराच्या दारातून कुंदाताई, म्हणजे त्यांच्या पत्नी, सगळे नियम मोडून म्हणाल्या,

"आणि त्या बिचाऱ्याला तुम्ही जन्मभर कंजूष म्हणत आलात."

पुढे नियमांचं काही खरं राहिलं नाही. रामटेक्यांची रेकॉर्ड नागपूरच्या एका गायनपार्टीची होती, जयंतीला वाजणाऱ्या भीमगीतांची. म्होरक्याचा आवाज मधून आला, झिलकरी दोन्ही भिंतींतून, आणि कलावतीबाई टाळ्या वाजवत पहिल्या ओळीपासून बरोबर गाऊ लागल्या. चिवडा सगळ्यांनी मोठ्यांदा खाल्ला. असल्या यंत्रावर फक्त ख्यालच शोभतो, असंही एक मत बापूसाहेबांकडे होतं. ते त्या दिवशी कुठं ठेवलं ते त्यांना पुन्हा सापडलं नाही. त्यांचा पाय मात्र ढोलकीबरोबर चालू होता.

संध्याकाळी बापूसाहेबांनी ठेवणीतला डाव टाकला. एवढं धूड आजच कशाला न्यायचं, पुढच्या रविवारी पुन्हा ऐकायचंच आहे, इथंच राहू द्या.

रामटेक्यांनी बायकोकडे पाहिलं. कलावतीबाई ॲम्प्लिफायरपाशी गेल्या. दुपारभर त्यांनी बरंच काही पाहून ठेवलं होतं.

"ठेवा ना," त्या म्हणाल्या. "मंग उजवीकडचा हा दिवा आम्ही नेतो."

दिवा म्हणजे व्हॉल्व्ह. तो काढला की उजवी बाजू बंद. बापूसाहेबांनी काच नाजूक असते इथपासून सुरुवात केली, पण काच सांभाळता येते आमाले, असं उत्तर आलं आणि विषय संपला. व्हॉल्व्ह निवेपर्यंत सगळे थांबले. मग तो रुमालात गुंडाळून चिवड्याच्या रिकाम्या डब्यात बसला. गोष्टीतल्या राक्षसाचा जीव पोपटात असतो तसं झालं: धूड नेपियर टाउनमध्ये, जीव कांचघरात.

बापूसाहेब पाहुण्यांना फाटकापर्यंत पोचवायला गेले, आणि परतताना गुणगुणत आले. कारण भांडारातला माणूस काहीही एकच नग घेत नाही. कपाटात पावडरच्या जुन्या डब्यात, कापसात, तसाच आणखी एक व्हॉल्व्ह होता.

सोमवारी दुपारी त्यांनी तो बसवला आणि मधल्या खुर्चीत बसले. पुढे कोणाचं टक्कल नव्हतं, चिवडा नव्हता, हवं होतं ते सगळं हवं तसं होतं. उजवीकडून तबला आला. त्यांनी हात उचलला आणि दाद द्यायला बाजूला पाहिलं. बाजूला भिंत होती. दुसऱ्या समेलाही भिंतच होती. त्यांनी उठून सुई उचलली.

"अगं, जरा इकडे ये."

कुंदाताई कणकेच्या हातांनी आल्या. त्यांनी या घरातलं सगळं गाणं स्वयंपाकघरातून ऐकलं होतं, भिंतीपलीकडून, कुकरच्या शिट्ट्यांमधून. बापूसाहेबांनी त्यांना खुर्चीत बसवलं. फक्त पाच मिनिटं, म्हणाले, आणि स्वतः मागे उभे राहिले. तबला आला तेव्हा कुंदाताईंनी मान वळवून उजवीकडे पाहिलं, कोणी नाव घेऊन हाक मारली की पाहतात तसं.

"इथं असं असतं होय?" त्या म्हणाल्या.

रेकॉर्डची बाजू संपली. वरण लागल्याचा वास आला. उठलं कोणीच नाही. मंगळवारी त्यांनी वरण आधीच करून ठेवलं.

रविवारी रामटेके डबा छातीशी धरून आले. व्हॉल्व्ह रुमालातून निघाला, बापूसाहेबांनी तो गंभीर चेहऱ्यानं बसवला. शनिवारी रात्रीच त्यांनी दुसरा काढून पावडरच्या डब्यात नेऊन ठेवला होता. कापूससुद्धा नीट दाबला होता. रामटेके खुर्चीकडे वळले. तेवढ्यात पदराला हात पुसत कुंदाताई आल्या, खुर्चीत बसल्या, आणि बसल्या बसल्या ती वीतभर मागे सरकवली.

"इथून जास्त छान येतं," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "काल पाहिलं ना आपण?"

बापूसाहेब सुईवरची नसलेली धूळ झटकू लागले. त्यांचे कान व्हॉल्व्हच्या रंगाचे झाले होते.

"म्हंजे," कलावतीबाई म्हणाल्या, "आम्ही आठवडाभर काच कुशीत घेऊन बसलो, अन् इथी रोज जत्रा चालू होती?"

आता टेंपो बोलावला जाणार, हे बापूसाहेबांना दिसत होतं. ते कपाटाशी गेले, पावडरचा डबा काढला आणि कलावतीबाईंच्या हातात दिला. त्यांनी झाकण उघडून आत पाहिलं. कापूस बोटानं दाबून पाहिला. मग डबा तसाच हातात ठेवून त्यांनी कुंदाताईंना विचारलं,

"ताई, खरंच तिथून चांगलं येते?"

"पहिली बाजू माझी," कुंदाताई म्हणाल्या. "दुसरीला तुम्ही बसा. स्वतःच बघा."

कलावतीबाईंनी पावडरचा डबा ॲम्प्लिफायरशेजारी फळीवर ठेवला. त्याच्याजवळ आपला चिवड्याचा रिकामा डबाही ठेवला.

"राहू द्या दोन्ही इथीच. रोज नेता-आणता फुटन एखादा."

टेंपोचा विषय निघाला नाही. बापूसाहेबांनी श्वास सोडला तो रामटेक्यांनाही ऐकू गेला. खुर्चीचा प्रश्न मात्र निकालात निघाला होता, आणि तो निघताना दोन्ही मालकांना कोणी विचारलं नव्हतं. कुंदाताईंनी डोळे मिटले. डोळे मिटूनच त्या म्हणाल्या, की पोह्यांचं कोणीतरी बघा.

बापूसाहेब आत गेले. थोड्या वेळानं रामटेकेही गेले. पोहे भिजवायचे किती यावर दोघांची दोन मतं निघाली आणि दोन्ही चुकीची होती. मग विळीवर बापूसाहेब आणि चाकूवर रामटेके, असे ते कांदे चिरायला बसले. बाहेर आलाप चालू होता. भिंतीतून तबला आला तेव्हा दोघांचेही हात थांबले.

"इथूनही येतो हो," बापूसाहेब म्हणाले.

"येते. पण डावं कोणतं, उजवं कोणतं, कळून नाही राहिलं."

"हळू बोला, रामटेकेजी. नियम आहे."

बाहेर समेवर दोन बायकांची एकदमच 'वाह' आली, आणि पाठोपाठ हसू. बापूसाहेबांना सवयीनं हिशेब सुचला: स्पीकर दोघांचे एकेक, यंत्र आपलं, टेंपोचं भाडं यांचं, कांद्यानं डोळ्यांत आलेलं पाणी निम्मं-निम्मं, आणि मधल्या खुर्चीतल्या बाईंनी तर काहीच भरलेलं नाही. त्यांनी मान वर केली. समोर तीच भिंत होती, फोडणीच्या धुरानं पिवळी पडलेली. ओट्याशी उभं राहून गाणं ऐकताना जिथं कुंदाताईंचा खांदा टेकायचा, तिथला रंग पार गेलेला.

त्यांनी मान खाली घातली आणि दुसरा कांदा घेतला.