दोन माश्यांचं विष

म्हाताऱ्याने आयुष्यात किती डंख खाल्ले याची मोजदाद त्याच्याकडे नव्हती, बढाई मात्र होती. घरामागच्या उतारावर त्याच्या मधमाश्यांच्या चाळीस पेट्या होत्या आणि त्या पेट्यांपुढे त्याला माणसं कस्पटासमान वाटत. माशी चावून ज्याच्या अंगावर गांधी उठतात, तो त्याच्या लेखी अर्धाच माणूस.

सून घरात आली ती माश्यांना घाबरणारी. लहानपणी एकदा माशी चावली होती तेव्हा ती अंगभर सुजली होती, हे तिने सांगितलंही होतं. म्हाताऱ्याने ते मनावर घेतलं नाही. भीती घालवायची म्हणून त्याने एका दुपारी पाहुण्यांसमोर तिच्या तळहातावर जिवंत माशी ठेवली आणि वरून तिची मूठ आवळून धरली. पाच मिनिटांत तिचे ओठ सुजून निळे पडले आणि ती अंगणात कोसळली. "नाटकं आहेत," म्हातारा पाहुण्यांना म्हणाला. शेजाऱ्याने गाडी काढली म्हणून ती वाचली. त्या दिवसापासून म्हाताऱ्याने तिचं नाव 'काच' ठेवलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला त्याचं कारणही रंगवून सांगितलं. मुलगा मध्ये पडला नाही. जेवण वेळेवर मिळालं की त्याच्या दृष्टीने जगात सगळं आलबेल असे.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सुनेला इंजेक्शनं सुरू केली. उपाय ऐकून म्हातारा पोट धरून हसला. औषध म्हणजे मधमाशीचंच विष! आधी अगदी कणभर, मग दर आठवड्याला थोडं थोडं वाढवत दोन माश्यांच्या विषाइतकं, आणि तो पूर्ण डोस अंगाला मानवला की महिन्यातून एकदा, तीन ते पाच वर्षं. शरीराला हळूहळू सवय लावायची. प्रत्येक सुईनंतर अर्धा तास दवाखान्याच्या बाकावरून हलायचं नाही, म्हणजे काही झालंच तर डॉक्टरांच्या डोळ्यांसमोर होईल.

"घरात चाळीस पेट्या विष पडलंय आणि आमची काच सुईतून थेंब थेंब घेते," हे तो दर आठवड्याला न चुकता म्हणायचा. सून ऐकून घ्यायची. ते ऐकून घेणं म्हाताऱ्याने बावळटपणाच्या खाती टाकलं, आणि तिथेच तो फसला.

दोन वर्षांनी त्याचा गुडघा बदलावा लागला. आठ महिने तो पेट्यांकडे फिरकू शकला नाही. सुनेचा पूर्ण डोस तोवर चालू झाला होता, डॉक्टरीणबाईंची परवानगी होती. तिने जाळीची टोपी चढवली आणि पेट्या सांभाळल्या. चांगल्या सांभाळल्या. म्हातारा खिडकीतून चुका काढत राहिला आणि एकही सापडली नाही तेव्हा त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

काठी सुटली त्या सकाळी तो टोपी न घालता उतारावर गेला. मानेवर एकच माशी चावली. दहा पावलं चालला असेल नसेल, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो पेट्यांच्या रांगेत आडवा झाला.

"माशीवाल्यांना होतं असं कधी कधी," रुग्णालयात डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "डंखांची सवय होती, मध्ये लांब खंड पडला, आणि शरीर उलटलं. आता इंजेक्शनं घ्यायची. चार महिन्यांत पूर्ण डोस होईल, मग खुशाल जा पेट्यांकडे. तोवर त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही."

मग सासरा आणि सून एकाच बाकावर बसू लागले. बाक भरलेलं असलं की सुनेच्या अंगात मधाळपणा संचारायचा.

"दुखलं का हो बाबा?" ती सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची. मग शेजारच्या बाईला सांगायची, "फार नाजूक आहेत हो आमचे बाबा. एक माशी सहन होत नाही."

म्हाताऱ्याच्या नाकाला मिरच्या झोंबत, पण उठून जायची सोय नव्हती. अर्धा तास बसायचंच होतं.

त्याला घाई होती. उतारावरची झाडं तीन आठवड्यांत फुलणार होती, आणि फुलोऱ्याच्या दिवसांत पेट्यांजवळ नसणं म्हणजे त्याच्या मते मेल्यासारखंच. पेट्या हातच्या गेल्या तर आपण कोण, हा प्रश्न त्याला रोज सकाळी दात घासताना पडायचा. आठव्या आठवड्यात त्याने स्वतःच्या डोक्याने हिशेब केला. सुईत माशीचंच विष असतं. आपण निम्म्यापर्यंत आलोय. वरून एक माशी घेतली तर पुढचे आठवडे वाचतील. असला हिशेब फक्त माशीवाल्यालाच सुचू शकतो.

त्याने खोलीचं दार लोटलं, खिडकीच्या काचेवरची माशी पेल्यात पकडली आणि दंडावर दाबली.

आधी तळवे खाजले. मग घसा आवळत गेला. तो पलंगावरून घसरून जमिनीवर आला तेव्हा दारात सून उभी होती. हातात डॉक्टरीणबाईंनी घरी ठेवायला दिलेलं तातडीच्या इंजेक्शनचं पेन होतं. तिने टोपण काढलं. मग खुर्ची ओढली आणि बसली.

"नाटकं आहेत का खरंच काही होतंय, बघू जरा," ती म्हणाली.

म्हाताऱ्याने हात वर केला. आवाज फुटेना. सुनेने घड्याळाकडे पाहिलं. ती किती वेळ बसली ते त्याला पुढे कधीच सांगता आलं नाही, पण तिने घड्याळाकडे दोनदा पाहिलं एवढं तो विसरला नाही. मग ती उठली, पेन त्याच्या मांडीत खुपसलं आणि फोनवर रडत रडत गाडी बोलावली.

डॉक्टरीणबाई भडकल्या. आता पुन्हा पहिल्या कणापासून सुरुवात, म्हणाल्या. या वेळी आणखी सावकाश, सहा महिने लागतील, पण होईल.

"होईल, पण तोवर कोण राखण करणार यांची?" सून नवऱ्याला म्हणाली. "पेट्या दिसल्या की हे पुन्हा हेच करणार. बाबा हवेत की पेट्या, तू ठरव."

मुलाने बाबा ठरवले. आयुष्यातला त्याचा हा पहिलाच निर्णय.

पेट्या गेल्या गावातल्या दुसऱ्या माशीवाल्याकडे, साखऱ्याकडे. माश्यांना पोती पोती साखर चारून तो तोच मध शुद्ध म्हणून खपवायचा, आणि म्हाताऱ्याने चारचौघांत त्याची अब्रू काढली होती. सुनेने मुद्दाम त्यालाच निरोप धाडला.

सूर्य उगवायच्या आत, माश्या आत असतानाच, साखऱ्याचा ट्रक उताराशी लागला. म्हातारा बंद खिडकीमागे उभा होता. त्याने काच ठोठावली. "सहा महिने! फक्त सहा महिने थांब!" तो ओरडला.

सून खिडकीपाशी आली. "तुमच्या जिवासाठीच चाललंय हो बाबा," ती प्रेमाने म्हणाली.

मग ती टोपी न घालता, मोकळ्या हातांनी एकेका पेटीचं दार बंद करत गेली. विसाव्या पेटीशी एक माशी तिच्या मनगटावर चावली. तिने नखाने नांगी खरवडून काढली, हात पँटला पुसला आणि एकविसाव्या पेटीकडे वळली. तिला काहीच झालं नाही.