उपरण्याखालचा दीड

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगते. त्या दिवशी तर कारणही होतं.

हिंदुराव आबा जळोचीत मुलींचं पाच मजली वसतिगृह बांधतायत. खाली पार्किंग, वर खोल्या. भूकंपात ते टिकेल का, हे तपासायचं काम आमच्या बारामतीच्या ऑफिसात माझ्याकडं आलं. एखाद्या खऱ्या भूकंपाची नोंद घ्यायची आणि कॉम्प्युटरवर इमारत हलवून बघायची. पण नोंद जशीच्या तशी चालत नाही. आपल्या भागासाठी नियमानं जेवढा धक्का धरायला सांगितलाय, तेवढा होईपर्यंत ती गुणून वाढवावी लागते. माझा गुणक आला एक पॉइंट आठ, आणि खालचे सहा कॉलम नापास झाले.

कॉलम जाड केले तर चार गाड्यांची जागा जाते, म्हणून आबा तावातावानं ऑफिसात आले. मूळचे निरवांगीचे, उभा जन्म जनावरांच्या बाजारात गेलेला.

"एक पॉइंट आठ लई होतंय. दीड कर, मिटवून टाक."

"आबा, हा भाव नाही, गणित आहे."

त्यांनी हात पुढं केला आणि वर उपरणं टाकलं. बाजारात उपरण्याखाली बोटं दाबून भाव ठरवतात, तसं. "घाल हात. चारचौघांत बोलाय नको."

हसावं की रडावं, कळेना. तेवढ्यात माझे साहेब, रणजितसर, म्हणाले, "दीडला बसतंय, आबा. सुप्रिया, फाइल बदल आणि सही कर. जमत नसेल तर उद्यापासून येऊ नकोस."

अंगाची नुसती लाही लाही झाली. पण त्या कॉलमांवर दीडशे पोरी झोपणार होत्या. मी उपरण्याखाली हात घातला आणि आबांची पाचही बोटं मुठीत गच्च मिटवली.

"दीडनं कागद पास होईल, कॉलम नाही. नोकरी गेली तर जाऊ दे, दीडवर माझी सही मिळायची नाही."

आबांनी हात काढून घेतला आणि ते सरांकडं वळले. "साहेब, म्या नुसतं दीड म्हटलं आन तुमी लगीच उतरला?"

सर समोरची फाइल चाळायला लागले.

"चाळीस वर्सं बाजार केला. जो पयल्या बोलीला उतरतो, त्याच्या जनावरात खोड असती." मग माझ्याकडं बघून म्हणाले, "कालम जाड कर, पोरी. आन सही तुजीच पायजे, ह्यांची न्हाय."

संध्याकाळपर्यंत मी सहाही कॉलम नव्यानं काढले आणि खाली सही केली. तेव्हा कुठं कळलं, मी केवढी घाबरले होते.