मासळीच्या टेम्पोची घरघर

मित्रांनो, ज्याला माशांचा वास सहन होत नाही त्याने जरा लांब बसावं. करंजा बंदरातून पनवेलच्या बाजारात मासळी आणणारा जुना टेम्पो मी. पापलेट आणि बोंबील वाहून मी असा मुरलो आहे की मांजरी मला वळणावरूनच ओळखतात.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी निळाशार होतो. काशीरामने मला घेतलं. तो वारल्यावर त्याच्या बायकोने, गुणाबाईंनी, माझ्याच जोरावर बाजारातला ओटा टिकवला. दसऱ्याला पहिला हार माझा. "ह्यो माजा थोरला पोरगा," असं त्या सगळ्यांना सांगत आणि मी उगाच ताठ उभा राही. धाकटा कुंदन होडीवर असे. होडी विकल्यावर तो माझ्या स्टिअरिंगवर आला.

काही महिन्यांतच माझ्या पोटात घरघर सुरू झाली. कुंदनने काय करावं? गाणी मोठ्याने लावली! मी ओरडायचो, तो गाण्याचा आवाज वाढवायचा. एकदा पळस्पे फाट्याजवळ गाणं संपलं आणि शेजारी बसलेल्या गुणाबाईंनी मला ऐकलं. त्यांचा चेहराच उतरला.

एका गॅरेजवाल्याने बोनेट न उघडताच "इंजिन गेलं" म्हणून सांगून टाकलं. नवं इंजिन परवडणारं नव्हतं. गुणाबाईंनी जड मनाने कळंबोलीच्या भंगारवाल्याला शनिवारी सकाळी यायला सांगितलं. मी गेलो की ओटाही जाणार, हे त्यांना ठाऊक होतं. मी फार घाबरलो होतो.

शुक्रवारी दुपारी, शेवटचा प्रयत्न म्हणून, त्यांनी मला एफ्राइमकाकांच्या गॅरेजात आणलं. काका बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातले ज्यू. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ सुरू होतो आणि शनिवार सरेपर्यंत ते पान्ह्याला हात लावत नाहीत.

"उजेड आहे तोवर बघतो, गुणाबाई," ते म्हणाले. "नंतर मला आग्रह करू नका."

मी घरघरत असतानाच त्यांनी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक माझ्या अंगाला टेकवलं आणि त्याची मूठ कानाला लावली. इथे ऐकलं, तिथे ऐकलं. ऊन पत्र्यावरून भिंतीवर सरकलं. अरे, थोडं पुढे, तिथेच दुखतंय! पण मला बोलता कुठे येतं?

"आवाज फसवतो. लोखंडातून सगळीकडे पोचतो," काका पुटपुटले. मग त्यांनी मला बंद करून इंजिनापुढचा, पंखा आणि पंप फिरवणारा पट्टाच काढला. "कुंदन, चालू कर. लगेच बंद करायचा."

मी चालू झालो. घरघर नव्हती!

"इंजिन ठणठणीत आहे. पट्ट्यावर फिरणाऱ्यांपैकीच कोणीतरी बोंबलतंय." काकांनी इंजिनात पाणी फिरवणाऱ्या वॉटर पंपाची पुली धरून पाहिली. ती पडायला आलेल्या दातासारखी हलत होती.

गुणाबाईंनी हात जोडले. काका मात्र गंभीरच होते. "पंप तर नवा दिसतो. एवढ्यात का गेला? कारण कळलं नाही तर पुढचाही जाईल, आणि मग खरंच इंजिन जाईल."

रेडिएटर तापलेला, त्यामुळे निवेपर्यंत थांबणं आलं. सूर्य काही कोणासाठी थांबत नाही. भिंतीवरचं ऊन हातभर उरलं तेव्हा काकांनी झाकण उघडलं. तोंडाशी पांढरी पुटं चढली होती. काका ती निरखत राहिले. गुणाबाईंनी मात्र बोट बुडवलं आणि सरळ जिभेला लावलं.

"खारं हाय!" त्या ओरडल्या. "कुंदन, काय वतलंस रं ह्याच्यात?"

"दर्याचं पानी, आये. होडीचं इंजिन तर तेच पितंय. बंदरावर गोडं पानी हाय कुठं?"

"होडीत ते पाणी फिरून बाहेर जातं, बाबा," काका म्हणाले. "ह्याच्या पोटात तेच तेच तापत राहतं. मीठ साचतं आणि लोखंड खातं."

कुंदनची मान खाली गेली. मला त्याचा राग यायला हवा होता. पण त्याने मला तहानलेलं ठेवलं नव्हतं. आपल्या होडीला दिलं तेच त्याने मायेने मला पाजलं होतं.

ऊन गेलं. काकांनी हात धुतले. "पंप रविवारी बसवू. तोवर चालू करू नका."

"भंगारवाला उद्याच येनार हाय," कुंदन हळूच म्हणाला.

गुणाबाई माझ्याकडे बघत राहिल्या. माझा जीव टांगणीला लागला. मग त्यांनी फोन काढला. "येऊ नको रं. माजा पोरगा आजारी हाय, मेला नाय."

रविवारी मला नवा पंप बसला आणि पोट गोड्या पाण्याने पुन्हा पुन्हा धुतलं गेलं. आता आमच्या वस्तीत टँकर आला की गुणाबाई पहिली कळशी माझ्यासाठी ठेवतात.

मित्रांनो, घरातलं जुनं काही कुरकुरू लागलं, तर त्याला लगेच मोडीत काढू नका. आपण त्याला काय पाजलं ते आधी आठवा. कुंदन आता मला सुरू केल्यावर गाणं लावत नाही. बोनेटवर हात ठेवून तो आधी मला ऐकतो.