यायचं नाही विसरायचं

सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या खोलीत संध्याकाळचा वर्ग भरे. शाळेने ज्यांच्यापुढे हात टेकले आणि ज्यांनी शाळेकडे पाठ फिरवली, अशी मुलं-मुली तिथे परीक्षेची तयारी करत. वर्ग चालवणाऱ्या ताई गणित शिकवत आणि भाषा शिकवायला एक निवृत्त मुद्रितशोधक येत. त्यांचा उभा जन्म छापखान्यात, दुसऱ्यांच्या चुका दुरुस्त करण्यात गेला होता. स्वतः बोलायची वेळ आली की मात्र वाक्याच्या मध्येच अडत. मुलं तोंडावर त्यांना सर म्हणत आणि पाठीमागे 'स्वल्पविराम'. सरांना ते ठाऊक होतं. पूर्णविराम म्हणत नाहीत हे काय थोडं, अशी ते मनाची समजूत घालत.

त्या संध्याकाळी सर वर्ग उघडायला आले, तर जिन्याच्या वरच्या पायरीवर भिंगरी बसलेली. एका जागी टिकत नाही म्हणून मावशीनेच तिला हे नाव ठेवलं होतं. आईविना, मावशीकडे वाढलेली ही पोर आधी कपड्यांच्या दुकानात लागली, मग धोब्याकडे. दोन्हीकडे पहिला तिखट शब्द कानावर पडला आणि बाईसाहेब घरी. यंदा मात्र ती शाळेची शेवटची परीक्षा पास झाली. भाषेत काठावर, पण पास. त्या जोरावर, मावशीच्या विनवणीवरून ताईंनी शब्द टाकून तिला लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींच्या हाताखाली शिकाऊ म्हणून लावलं होतं. मावशीने बजावलं होतं, "हेही सोडलंस तर पुन्हा कुणापुढे शब्द टाकायला मला तोंड उरणार नाही."

"आज लवकर सुटलीस?" सरांनी विचारलं.

"कायमचीच सुटले."

सरांच्या हातातली किल्ली कुलपातच राहिली. "म्हणजे... तू सोडलंस?"

"मी कशाला सोडू? मला काढलं." तिने नाक पुसलं. "हातातून पाना निसटला, सर. चौथ्या मजल्यावरून थेट खाली, लिफ्टच्या विहिरीत. खाली कुणी नव्हतं म्हणून बरं. मिस्त्रीकाका एक अक्षर बोलले नाहीत. मग मी खाली आवराआवर करत होते, तेव्हा वरून ओरडले."

"काय ओरडले?"

"'उद्या यायचं नाही विसरायचं.' झालं. एक घाव दोन तुकडे."

सर आत गेले, दिवा लावला, चष्मा पुसला. पुसून झालेला चष्मा पुन्हा पुसला. "जरा... परत म्हण. ते मध्ये कुठे थांबले?"

"थांबतील कसले! तोंडात स्क्रू धरलेले असतात त्यांच्या. बोलणं एका दमात. वर त्या विहिरीत सगळं घुमतं."

सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर तेच वाक्य दोनदा लिहिलं.

उद्या यायचं, नाही विसरायचं.

उद्या यायचं नाही, विसरायचं.

भिंगरी दोन्ही ओळींकडे आळीपाळीने बघत राहिली. "तुमचं आपलं काहीतरीच, सर," ती म्हणाली. पण नजर पहिल्या ओळीवरून हलेना.

"फोन करून विचार."

"तुम्ही विचारा ना."

अनोळखी माणसाशी फोनवर बोलायचं म्हणजे त्यांना घाम फुटे. "फोन नको. मी हवं तर... उद्या तुझ्याबरोबर येतो." बोलून गेले आणि लगेच जीभ चावली.

"आणि दुसरी ओळ खरी निघाली तर? सगळ्यांसमोर शोभा होईल माझी."

छापखान्यात असा प्रसंग आला की सर समासात प्रश्नचिन्ह करून मजकूर लेखकाकडे परत पाठवत. स्वतःच्या मनाने स्वल्पविराम कधी घातला नाही. "तर... निदान तो त्यांनी दिलेला असेल," ते चाचरत म्हणाले. "घरी बसलीस तर तो स्वल्पविराम तू दिलेला."

वर्ग सुटेपर्यंत तिने फळा पुसू दिला नाही.

सकाळी दोघं त्या इमारतीपाशी पोचले. दारात 'लिफ्ट बंद आहे' अशी पाटी टांगलेली, आणि सरांचा जीवही तसाच टांगणीला लागलेला. आपण काय करून बसलो? पाना अंगावर पडला असता तर माणूस गेला असता. मिस्त्री चिडला तर त्याचं काय चुकलं? एका टिंबाच्या शेपटीवर विसंबून आपण पोरीला अपमान करून घ्यायला आणलं.

तळमजल्यावर लिफ्टचं दार सताड उघडं होतं. आतून हातोडीचे ठोके येत होते. ते थांबले.

"कोण आहे रे खाली?" वरून आवाज घुमला.

भिंगरी एक पाऊल मागे सरली, मग दुसरं. ती पळणार, हे सरांना कळलं. त्यांनी दारापाशी जाऊन अंधारात मान वर केली. इतक्या मोठ्याने ते उभ्या आयुष्यात बोलले नव्हते. "ती... आली आहे!"

आली आहे, आली आहे, असं सगळे मजले म्हणत गेले.

मग जिन्यावर पावलं वाजली. दांडगे मिस्त्रीकाका खाली आले. तोंडातले स्क्रू त्यांनी खिशात टाकले. "काल घसा फोडून सांगितलं, यायचं नाही विसरायचं. तरी उशीर केलासच!"

भिंगरीने सरांकडे पाहिलं. तिचा श्वास सुटला तो ऐकू आला.

"काका, मध्ये जरा थांबत जा की!"

"थांबलो तर स्क्रू गिळीन, बये."

"राग नाही ना आला? पाना पाडला म्हणून?"

"आला की. शिकताना मी काय कमी पाडलेत? हात पुढे कर." त्यांनी कमरेच्या पिशवीतून कालचाच पाना काढला. त्याच्या भोकात दोरी ओवलेली होती, आणि दोरीच्या टोकाला लहानसा फास, बारीक मनगटाच्या मापाचा. "आता पडला तरी लोंबकळेल. आणि हे कोण? आजोबा?"

"हे आमचे सर." मग जरा थांबून, "आमचे स्वल्पविराम."

सर कानापर्यंत लाल झाले. मिस्त्रीकाकांना काही उमगलं नाही, पण त्यांनी नमस्कार केला आणि ते जिना चढू लागले. भिंगरी मागोमाग निघाली. दुसऱ्या मजल्यावरून ती कठड्यावर वाकली.

"सर! थांबायचं नाही जायचं!"

"कुठे... मध्ये कुठे?" सरांनी हाक घातली. वरून नुसतं हसू आलं.

सर शेवटच्या पायरीपाशी उभे राहिले. पायरी रुंद होती, बसायला बरी. दुपारपर्यंत बसलं असतं तरी कुणी हटकलं नसतं, आणि न जाणो, पुन्हा काही पडलं तर पोरीला कुणी आपलं दिसलं असतं. त्यांनी ते वाक्य मनातल्या मनात दोन्ही तऱ्हांनी वाचून पाहिलं.

वर हातोडी पुन्हा सुरू झाली. आता ठोके दोन प्रकारचे होते, एक जड, एक हलका.

थांबायचं नाही, जायचं, असं सरांनी ठरवलं. संध्याकाळी वर्ग उघडायचा होता, आणि त्याआधी तो फळा पुसायचा होता.