नऊ दिवसांची रजा

दसरा झाला की वस्तीवरची मेंढरं खाली कृष्णाकाठाला निघायची, आणि त्यांच्यामागोमाग अंजनाबाईंच्या शाळेतली निम्मी पोरंही. माण तालुक्यातल्या त्या दोन खोल्यांच्या शाळेत बाईंना नऊ वर्षं झाली होती. फलटणहून रोज स्कूटीनं यायच्या. दर दसऱ्याला वस्तीवर जाऊन आईबापांना समजावायच्या, समजावून भागलं नाही तर दरडावायच्या. पोरं जायचीच. जूनमध्ये परतायची तेव्हा जोडाक्षरं विसरलेली असायची.

यंदा मात्र एका पोरीपायी त्यांनी हट्टच धरला. सृष्टी. धुळा खराताची थोरली, चौथीतली. गणित सांगितलं की ओठ हलवत छपराकडं बघायची, आणि बाकीच्यांनी पाटी शोधेपर्यंत उत्तर तयार. फेब्रुवारीत स्कॉलरशिपची परीक्षा होती. या शाळेतून आजवर त्या परीक्षेत कुणाचं नाव लागलं नव्हतं.

बाई पोचल्या तेव्हा धुळा घोड्यावर बिऱ्हाड बांधत होता.

"आईबिगर कशी ऱ्हाईल ती, बाई?"

"चुलती आहे घरी. मी आहे."

"आठ म्हयनं हायती."

"आणि तिचं वर्ष वाया गेलं तर? शाळा म्हणजे काय धर्मशाळा आहे का, धुळा? मनात आलं की यायचं, मनात आलं की उठून जायचं? दहा दिवस बुडाले तरी मूल मागं पडतं. तुम्ही लोकच पोरांच्या मुळावर उठलाय."

धुळानं दोरीची गाठ आवळली आणि मान खाली घातली. चूल आवरणारी त्याची बायको मंगल तेवढी बोलली. "ऱ्हाऊ द्या तिला. बाई हायती की हितं. बाईंच्या जिवावर ठिवू."

कळप हलला तेव्हा सृष्टी बांधापर्यंत पळत गेली. बाईंनी तिचा हात धरून ठेवला. ती रडली नाही, पण हात सोडवून घ्यायला बघत होती हे बाईंना कळत होतं. त्या आठवड्यात त्यांनी केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत ही हकीगत सांगितली. टाळ्या पडल्या.

पोरगी शाळेला एक दिवस चुकली नाही. चुलतीच्या, रेश्माच्या, पदरी दोन तान्ही पोरं आणि शेरडं. तिथं सृष्टीच्या वाट्याला झोळी हलवायचं काम यायचं. तिची खरी जागा शाळाच. एकदा तिनं विचारलं, "बाई, आष्टा कंच्या अंगाला हाय?" बापाचा वाडा, म्हणजे मेंढरांचा तळ, तेव्हा आष्ट्याच्या शिवारात, तोड झालेल्या उसाच्या रानात बसला होता. बाईंनी भिंतीवरचा नकाशा दाखवला. मायणी, विटा, पलूस, मग आष्टा. तिनं ती नावं पाढ्यासारखी पाठ केली. बाईंना कौतुक वाटलं.

संक्रांतीच्या आधी बाईंच्या नवऱ्यानं, राजवर्धननं, केरळचा बेत काढला. तो फलटणलाच बँकेत होता.

"आत्ता जायचं? शाळा चालू असताना?" बाई म्हणाल्या.

"मेमध्ये तिथं माणसांचा बाजार असतो. वीरला पुढच्या वर्षी आठवीचे क्लास लागतील, मग कुठलं फिरणं! आठ-नऊ दिवसांनी काय होतंय?"

वीरधवल त्यांचा मुलगा, सातवीतला. त्याची इंग्रजी शाळा अशी रजा देत नसे. राजवर्धनच्या डॉक्टर मित्रानं टायफॉइडचा दाखला लिहून दिला. त्याच दाखल्यावर बाईंचीही रजा बसली: मुलाचं आजारपण. पहिल्यांदा अर्ज लिहिताना त्यांना अवघड वाटलं. पण सगळेच असं करतात, असं राजवर्धन म्हणाला, आणि ते खरंही होतं.

निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी वर्गात सांगितलं, "माझ्या वीरला ताप आलाय. मी थोडे दिवस येणार नाही. रविराज सर दोन्ही वर्ग बघतील."

शाळा सुटल्यावर सृष्टी घरी पळत गेली आणि बाई स्कूटी चालू करेपर्यंत परत आली. धापा टाकत तिनं कागदाची पुडी पुढं केली. "बिरोबाचा भंडारा हाय. त्याच्या कपाळाला लावा. ताप उतरतो."

बाईंनी पुडी पर्समध्ये टाकली.

चौथ्या दिवशी त्या आलेप्पीला हाऊसबोटीवर होत्या. रविराज सरांचा फोन आला. त्यांना तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला बोलावलं होतं, तातडीनं. शेजारच्या शाळेतून कुणी येतो म्हणालं होतं, पण त्याचा भरवसा दिसत नव्हता.

"काय करू, मॅडम?"

"पोरांना घरी अभ्यास द्या. तीन दिवसांचाच प्रश्न आहे." समोर ताटात तळलेला मासा आला होता, वीर हाक मारत होता. बाईंनी फोन ठेवला.

वस्तीवर पोरं होतीच किती! कुलूप दिसल्यावर बाकीची रानात पांगली. सृष्टी मात्र दप्तर घेऊन रोज पायरीवर येऊन बसायची आणि दुपारी परत जायची. हे सगळं बाईंना मागाहून रेश्माकडून कळलं. तिसऱ्या दिवशी पोरगी परतलीच नाही.

रविराज सरांचा पुन्हा फोन आला. "मॅडम, सृष्टी सापडत नाही. विहिरी बघितल्या. पोलिसांत कळवलंय."

बाईंनी राजवर्धनला सांगितलं. राजवर्धननं पाणी दिलं. "आपण इथून काय करणार? तिकिटं परवाची आहेत. इथं रडलीस काय आणि तिथं रडलीस काय, सारखंच." त्या रात्री बाई जेवल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र सगळ्यांबरोबर चहाचे मळे बघायला गेल्या, कारण एकटीनं खोलीत थांबवेना.

संध्याकाळी निरोप आला, पोरगी सापडली. म्हणजे ती पोचली होती. मायणीपर्यंत चालत, तिथून एसटीनं विट्याला. विट्याच्या स्टँडवर रात्र काढली. पुढं ऊसतोड्यांच्या एका जोडप्यानं तिला ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घेतलं आणि नदीकाठानं विचारत विचारत तिचा वाडा शोधून दिला. तळपायांची सालटी निघाली होती. अंगात ताप होता, खरा.

बाई हसल्या, रडल्या, वीरला जवळ घेतलं. सुटल्यासारखं झालं त्यांना.

परतल्यावर पहिल्याच रविवारी त्या आष्ट्याला गेल्या. परीक्षेला तीन आठवडे उरले होते. पोरीला घेऊनच यायचं ठरवून. उसाच्या बोडक्या रानात जाळीच्या आत मेंढरं होती. धुळानं घोंगडं अंथरलं, मंगलनं चहा ठेवला. पण ती बाईंच्या तोंडाकडं बघत नव्हती.

"धुळा, झालं ते वाईट झालं. पण परीक्षा तोंडावर आहे. मी तिला माझ्या घरी ठेवते, फलटणला."

"नगं, बाई."

"अरे, एवढी हुशार पोरगी..."

"हाय हुशार. म्हून तर पोचली." धुळानं खिशातून मोबाइल काढला आणि बाईंच्या पुढं धरला. पालकांच्या ग्रुपवर बाईंचा नंबर होता. नंबराशेजारी बाईंचा फोटो. नावेत बसलेल्या, डोळ्यांवर काळा गॉगल, शेजारी वीर दात दाखवत हसत होता. फोटो वीरनंच बदलला होता, त्यांच्या फोनवरून. त्यांना पत्ताही नव्हता.



"जावं माणसानं," धुळा म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच बाईंना सोसवेना. "पोराला समिंदर दावावा. आमी न्हाई म्हनत न्हाई. आमीबी आमच्या पोरीला संगट घिऊनच हिंडत होतो की. तुमी म्हनला, दहा दिसांनी मूल मागं पडतं. म्हून ठिवली."

"धुळा, मी..."

"तिला सांगितलं न्हाई म्या. तिला वाटतंय तुमचं पोर आजारी हाय. ऱ्हाऊ दे तसंच."

तेवढ्यात सृष्टी आली. पायांना फडकी गुंडाळलेली, काखेत दोन दिवसांचं कोकरू. बाईंना बघून ती थबकली, मग लाजून हसली.

"बाई, वीर बरा झाला का?"

बाईंनी धुळाकडं पाहिलं. तो मेंढरांकडं बघत होता.

"झाला बरा," बाई म्हणाल्या.

"भंडारा लावला हुता?"

"लावला ना."

सृष्टीचं तोंड उजळलं. कोकरू घेऊन ती आईजवळ गेली. मंगलनं पाठ फिरवली आणि पदर डोळ्यांना लावला. चहा उतू गेला तरी तिचं लक्ष नव्हतं.

निघताना धुळानं प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली पुस्तकं बाईंच्या हातात दिली. "सरकारची हायती. मळली असतील थोडी."

शाळेत आल्यावर बाईंनी अहवाल लिहिला. विद्यार्थिनी पालकांच्या स्थलांतरामुळे गैरहजर. रविराज सरांनी तो वाचला आणि सही केली. कुलपाचे ते तीन दिवस अहवालात कुठंच आले नाहीत. वरूनही कुणी विचारलं नाही. वीरच्या शाळेनं त्याला बुडालेला अभ्यास पुन्हा शिकवला, सहामाहीपेक्षा त्याला चार गुण जास्तच पडले. परीक्षेच्या दिवशी सृष्टीचा बाक रिकामा राहिला.

जूनमध्ये कळप वर आले. पटनोंदणीसाठी बाई आणि रविराज सर वस्तीवर गेले. धुळाचा धाकटा मल्हार पहिलीत घालण्याएवढा झाला होता. सृष्टी अंगणात मेंढ्यांना पाणी पाजत होती. उंच झाली होती, हाताला घट्टे पडले होते. पाचवीसाठी तिला गोंदवल्याला जावं लागलं असतं. ती गोष्ट कुणी काढलीच नाही.

"मॅडम, तुम्ही बोला," रविराज सर हळूच म्हणाले. "तुम्ही सांगितलं की ऐकतात ते."

धुळा दारात येऊन उभा राहिला. बाईंनी तोंड उघडलं. नऊ वर्षं जी वाक्यं आपोआप यायची, त्यातलं एकही ओठांवर येईना. धुळा थांबला, आणि मग म्हणाला, "पानी घेता का, बाई?"

बाईंनी नको म्हणून मान हलवली आणि रविराज सरांच्या आधी वाटेला लागल्या.